चार कपाटे जुनी पुस्तके आणि दप्तरे : स्कॅनर आणण्याआधीचे काम

प्रश्न थोडक्यात असा : शंभरी गाठत आलेल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चार कपाटे जुन्या साहित्याची आहेत. त्यात एकोणिसाव्या शतकातली मराठी-इंग्रजी पुस्तके, काही पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), जुनी नियतकालिके आणि महाविद्यालयाची स्वतःची दप्तरे आहेत. थोडा निधी मिळाला आहे आणि ‘सगळे स्कॅन करून टाका’ असे व्यवस्थापन म्हणते. नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपालांनी कोठून सुरुवात करावी?

स्कॅनिंगने करू नये. यादी नसताना स्कॅनिंग सुरू केले की जे हाताला आधी लागते आणि दिसायला भारदस्त असते, म्हणजे कातडी बांधणीची इंग्रजी पुस्तके, ते आधी स्कॅन होते. नेमके तेच साहित्य जगातल्या मोठ्या ग्रंथालयांत आणि आंतरजालावर आधीच असते. १९३० च्या सुमाराचे तुमच्याच महाविद्यालयाचे वार्षिक, ज्याचा कागद आज हात लावला तरी तुटतो, ते शेवटपर्यंत तसेच राहते आणि तोवर निधी संपतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी नुकसान थांबवा, मग यादी, मग निवड, मग नोंद, आणि त्यानंतरच स्कॅनर.

सर्वांत पहिली गोष्ट कागदोपत्री आहे. या चार कपाटांतले काहीही निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून कमी करून काढून टाकायच्या, यादीत जाणार नाही, असा ग्रंथालय समितीचा ठराव करून घ्या. जुनी पुस्तके कसरीने जितकी जातात, त्याहून जास्त ‘फाटलेली, वापरात नसलेली’ या शेऱ्याखाली रद्दीत जातात. पडताळणीच्या वर्षी नवा माणूस येतो, त्याला मोडी वाचता येत नाही, गठ्ठ्याला दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला क्रमांक) नसतो, म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने तो गठ्ठा अस्तित्वातच नसतो. ठरावात ‘दाखल क्रमांक नसलेले साहित्यही’ हे शब्द मुद्दाम घाला. त्याच ठरावात किल्ल्या कोणाकडे राहतील आणि साहित्य बाहेर जाण्यासाठी कोणाची लेखी परवानगी लागेल, हेही ठरवून घ्या. पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्याचे हस्तलिखित आणि दस्तऐवज १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी अभ्यासकाला ‘मूळच घेऊन जा’ असे सौजन्य दाखवणारे लोक अजून भेटतात, म्हणून हे सांगितले.

आता कपाटे. कपाट भिंतीला टेकलेले असेल तर निदान दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे ओढा आणि खालचा कप्पा जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर तरी वर ठेवा. वाळवी भिंतीतून आणि फरशीच्या सांध्यातून येते, ओलही तेथूनच चढते. वर पाण्याची टाकी किंवा स्वच्छतागृह असलेली खोली नको. तळमजला तर नकोच : ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचे पाणी ग्रंथालयांत शिरले, तेव्हा खालचे कप्पे आधी गेले. नदीकाठच्या गावात मौल्यवान साहित्य दुसऱ्या मजल्यावर नेणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

हवामानाचे पाठ्यपुस्तकी आकडे म्हणजे १८ ते २२ अंश तापमान आणि ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता. आपल्याकडे बहुतेक महाविद्यालयांना ते जमणारे नाही, आणि अर्धवट जमवण्याचा प्रयत्न घातक ठरतो. दहा ते पाच वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, ही सर्वांत वाईट स्थिती. दिवसा गार झालेल्या पुस्तकांवर संध्याकाळी दमट हवा बसते, कागद रोज फुगतो आणि आक्रसतो, कण्याची खळ सुटते. चोवीस तास चालवणे शक्य नसेल तर वातानुकूलन लावूच नका. खेळती हवा, पंखा आणि जाड पडदे पुरेत. दोन साधे आर्द्रतामापक घ्या, एक खोलीत आणि एक बंद कपाटात, आणि आठवड्यातून दोनदा आकडे वहीत लिहा. ६५ टक्क्यांवर आर्द्रता सलग राहिली की बुरशी धरते. कोकणात पावसाळाभर आकडा ८० च्या वर असतो, म्हणून तिथे आर्द्रता शोषणारे यंत्र हे पहिले खरेदी करायचे यंत्र. विदर्भात उलट आहे. एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी होते की पुठ्ठे वाकतात आणि कातडी कणे तडकतात. तिथे पुस्तके खिडकीपासून दूर, बंद कपाटात ठेवलेलीच बरी. लोखंडी बंद कपाट कोकणात मात्र घाम धरते. त्याला मागच्या बाजूस वर-खाली जाळी लावलेली भोके पाडून घ्या.

सिलिका जेलच्या पुड्यांचा उपयोग फक्त हवाबंद डब्यात होतो. रोज उघडल्या जाणाऱ्या कपाटात त्या दोन दिवसांत भरून जातात आणि मग नुसत्या पडून राहतात.

किडीची पाहणी अशी करा. संशय असलेल्या पुस्तकाखाली काळा कागद ठेवा आणि आठवड्याने पाहा. टाल्कम पावडरीसारखा बारीक, ताजा भुसा पडला असेल तर आत भुंगेऱ्याच्या अळ्या जिवंत आहेत. नुसती जुनी भोके दिसतात आणि भुसा नाही, तर ती कीड केव्हाच निघून गेली आहे. अशा पुस्तकावर कोणताही उपाय करण्याची गरज नाही. कसर पाने वरवर खरवडते, कारण तिला खळ आणि कागदावरचे पॉलिश हवे असते. झुरळे कापडी बांधणीवरचा रंग खातात. वाळवी मात्र काहीच सोडत नाही, आणि तिच्यासाठी पुस्तकावर नव्हे, इमारतीवर उपचार करावा लागतो : पायाभोवती आणि भिंतीच्या सांध्यांत. कीटकनाशक फवारणारा ठेकेदार कपाटाच्या आत फवारा मारायला निघाला तर त्याला दारातच थांबवा. तेलकट फवाऱ्याचे डाग कधीच जात नाहीत.

जिवंत कीड मारण्याचा महाविद्यालयाला परवडणारा मार्ग म्हणजे डीप फ्रीझर. पुस्तक जाड पॉलिथिन पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड टेपने बंद करा आणि उणे २० अंशांना दोन आठवडे ठेवा. घरगुती फ्रीझर कसाबसा उणे १८ पर्यंत जातो, म्हणून मुदत कमी करू नका आणि एका वेळी थोडीच पुस्तके ठेवा. ठासून भरले तर आतले तापमान सावकाश उतरते आणि अंडी त्या थंडीला सरावतात. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. घाई केली की गार कागदावर दव जमते आणि किडीऐवजी बुरशी पदरात पडते. काचेच्या निगेटिव्ह, छायाचित्रांचे अल्बम आणि रंगचित्रे असलेल्या पोथ्या फ्रीझरमध्ये घालू नका.

डांबरगोळ्या काढून टाका. त्यांनी अंडी मरत नाहीत, मात्र बंद खोलीत काम करणाऱ्यांच्या डोक्यात आणि छातीत त्याचा वास भरतो. वेखंडाची पूड पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही. कीड थोडी दूर राहते, मरत नाही. कडुनिंबाचा पाला पानांत घालण्याची पद्धत सोडून द्या. पाला ओल धरतो आणि कागदावर तपकिरी डाग उमटवतो.

स्वच्छतेआधी सुरक्षिततेचा एक मुद्दा, कारण तो फार कमी ठिकाणी सांगितला जातो. जुन्या कपाटांत पूर्वी डीडीटी आणि गॅमेक्सीनची पूड सर्रास टाकत. पुस्तकांच्या वरच्या कडेवर दिसणारी पांढरी धूळ तीच असू शकते. पोथ्यांमध्ये चुकलेले अक्षर झाकण्यासाठी पिवळी हरताळ लावलेली असते. ती आर्सेनिकचे संयुग आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काही विलायती पुस्तकांच्या भडक हिरव्या कापडी बांधणीतही आर्सेनिक असते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ मुखपट्टी, आणि काम झाल्यावर साबणाने हात. बोट जिभेला लावून पान उलटणाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

धूळ झाडताना पुस्तक घट्ट मिटून धरा आणि मऊ ब्रशने वरच्या कडेवरून कण्याकडून बाहेरच्या बाजूला झाडा. दाढीचा जुना, स्वच्छ ब्रश उत्तम चालतो. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा तर नळीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधा, म्हणजे सुटलेला तुकडा आत जाणार नाही. ओला फडका कशालाही लावू नका. ही सगळी कामे डिसेंबर ते मे या काळात उरका. पावसाळ्यात झाडलेली बुरशी खोलीभर पसरते आणि पुन्हा धरते.

यानंतर यादी. पहिली यादी उत्तम नसली तरी चालेल, ती पूर्ण मात्र हवी. प्रत्येक वस्तूला नऊ गोष्टी लिहा : कपाट आणि कप्पा, दाखल क्रमांक असल्यास तो, शीर्षक जसे छापले आहे तसे, लेखक, छापखाना आणि गाव, वर्ष, पाने, स्थिती, आणि प्रतीवरच्या खुणा. स्थितीसाठी तीन अंश पुरतात. पहिला अंश वाचकाला देता येईल असे, दुसरा जपून देता येईल असे, तिसरा हात लावला की तुटेल असे. क्रमांक पुस्तकावर चिकटवू नका. दोन-तीन सेंटिमीटर बाहेर डोकावेल अशी आम्लमुक्त कागदाची पट्टी आत ठेवून तिच्यावर पेन्सिलीने लिहा. शिक्का मारण्याची सवय या चार कपाटांपुरती तरी बंद करा. शीर्षकपृष्ठाच्या मधोमध जांभळा गोल शिक्का ही आपल्या ग्रंथालयांची जुनी खोड आहे, आणि ती शाई ओल लागताच दहा पानांत उतरते.

वर्ष ठरवताना बराच गोंधळ होतो. छापील पुस्तकावर शके असेल तर ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी दिली असेल तर ७९. मोडी कागदांवर सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीत वापरात असलेली कालगणना, अरबी शब्दांत येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० येते. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांतल्या कागदाला ६०० मिळवायचे. जानेवारी १७६१ मधले पानिपत याच ११६१ सालात बसते, हा ताळा लक्षात ठेवला की चूक होत नाही. फसली सनाला ५९० किंवा ५९१ मिळवा. मराठी तिथीऐवजी ‘छ’ हे अक्षर आणि पुढे रबिलावल, जमादिलाखर असा महिना दिसला तर ती चांद्र तारीख आहे. तिचे रूपांतर जंत्रीवरूनच करा, अंदाजाने नको.

पुस्तक शिळाछाप (दगडावरून छापलेले) आहे की खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापलेले, हे भिंगाने कळते. एकाच पानावरची पाच ‘क’ अक्षरे पाहा. ती एकमेकांपासून थोडी वेगळी असतील आणि कागदाला मागून खिळ्यांचा उठाव जाणवत नसेल, तर ते शिळाछाप. पोथीच्या आकाराचे, सुट्या पानांचे शिळाछाप पुस्तक अनेक ठिकाणी हस्तलिखित म्हणून नोंदलेले सापडते. उलट चूकही होते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. त्यानंतरच्या दशकांत मुंबई-पुण्यात असे अनेक छापखाने झाले, आणि त्यांतली पुष्कळ पुस्तके आज एक-दोन प्रतींतच उरली आहेत. अजून एक सूचना : जुने बाइंडर पैसे वाचवण्यासाठी चार-पाच चोपड्या एकाच पुठ्ठ्यात बांधत. कण्यावर एकच नाव असते. प्रत्येक जाड पुस्तक शेवटपर्यंत उलटून पाहिल्याशिवाय यादीतली ओळ पुरी करू नका.

दुर्मिळ कशाला म्हणायचे? वय हा फक्त पहिला चाळण-नियम. मराठीपुरते मी १८६७ ही रेषा मानतो. त्या वर्षीच्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर छापणाऱ्याचे नाव आणि ठिकाण देणे आणि सरकारकडे प्रती भरणे बंधनकारक झाले. त्यातून मुंबई इलाख्यातल्या नव्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघू लागल्या. त्याआधीचे प्रत्येक मराठी छापील पान, ते पंचांग असो की शाळेचे अंकगणित, न विचारता बाजूला काढा. १८६७ ते १९०० मधले पुस्तक शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत पडताळून पाहा. तिचा पहिला खंड १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० असा आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती पुस्तकांची ब्लुमहार्टने केलेली १८९२ ची सूचीही उपयोगी आहे. दात्यांच्या सूचीत नाव नसेल तर तेवढ्यावरून ‘एकमेव प्रत’ असे जाहीर करून वर्तमानपत्रात बातमी देऊ नका. पण त्या ओळीपुढे खूण जरूर करा.

१९०० नंतरच्या साहित्यात वय विसरून जा आणि वेगळे प्रश्न विचारा. गावोगावच्या परिषदांचे अहवाल, ज्ञातिसंस्थांची मासिके, संस्थानांची गॅझेटे आणि शिक्षणखात्याचे अहवाल, सत्याग्रहाच्या काळातली पत्रके, तालुक्याच्या छापखान्यातून निघालेली नाटके : यांच्या प्रती मुळातच थोड्या निघत आणि ग्रंथालये त्या विकत घेत नसत. १८९० चा शेक्सपिअरचा सोनेरी संच कपाटाची शोभा वाढवतो. १९३५ चा शेतकरी परिषदेचा अहवाल संशोधकाला मुंबईहून तुमच्या गावी आणतो. प्रतीवरच्या खुणाही पाहा. समासातल्या टिपा, भेट म्हणून दिलेली सही, बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का यामुळे साधे पुस्तकही वेगळे ठरते.

आणि चौथे कपाट, म्हणजे महाविद्यालयाची स्वतःची दप्तरे. प्रवेशाची रजिस्टरे, वादविवाद मंडळाची इतिवृत्ते, वसतिगृहाच्या खानावळीचे हिशेब, प्राध्यापकांची हजेरीपुस्तके, हस्तलिखित भित्तिपत्रके, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, सरकारशी झालेला पत्रव्यवहार. हे साहित्य जगात दुसरीकडे कुठेही नाही. ग्रंथालयाला ते आपले वाटत नाही, कार्यालयाला ते अडगळ वाटते. माझ्या मते चारही कपाटांत पहिला मान याचा आहे. यातल्या कागदांची विषयवार उलटापालट करू नका. ज्या विभागाने जो गठ्ठा ज्या क्रमाने बांधला तो तसाच ठेवा, कारण कागदाचा अर्धा अर्थ शेजारच्या कागदात असतो. आधी विभाग, मग मालिका, मग फाइल अशी उतरत्या क्रमाने यादी करा. सुट्या पत्रांपर्यंत लगेच जाण्याची गरज नाही. गठ्ठ्यातल्या गंजलेल्या टाचण्या आणि लोखंडी क्लिपा मात्र सावकाश काढा. टाचणी ओढू नका, खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून गंजाची पकड सोडवा.

मोडी रुमालांबाबत तोच नियम. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर आजही रुमालांनीच ओळखले जाते. कापड बदला, पण रुमालाचा क्रम आणि जुनी चिठ्ठी तशीच ठेवा. घड्या एका दिवसात उलगडू नका; कोरड्या हवेत जुनी घडी सरळ करताना नेमकी घडीवरच चिरते. मोडी वाचणारा माणूस मिळेपर्यंत वरच्या एका कागदाचे छायाचित्र, कागदांची संख्या आणि रुमालाची मापे एवढी नोंद पुरे. वाचनासाठी आणि सल्ल्यासाठी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. संस्कृत पोथ्यांसाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. पोथ्यांच्या नोंदी केंद्र सरकारच्या हस्तलिखित मोहिमेतही जाऊ शकतात. ती २००३ मध्ये सुरू झाली आणि अलीकडे ‘ज्ञान भारतम्’ या नावाने चालते.

साठवणीला महागड्या पेट्या आल्याशिवाय अडून बसू नका. पोथी आणि रुमालासाठी कोरे मांजरपाट घ्या, दोनदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढा, नाहीतर कसरीला आयते खाद्य मिळते. लाल खारवा (जाडेभरडे कापड) वापरायचा असेल तर पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून रंग सुटतो का पाहा. पोथीच्या वर-खाली फळ्या असतील तर त्या राहू द्या, मात्र फळी आणि पहिले पान यांच्यामध्ये आम्लमुक्त कागद घाला. दोरी घट्ट आवळू नका. पोथ्या आणि मोठी रजिस्टरे आडवी ठेवा, एकावर एक तीनपेक्षा जास्त नकोत. उभ्या पुस्तकांना दोन्ही बाजूंनी आधार द्या, आणि पुस्तक बाहेर काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढण्याऐवजी शेजारची दोन आत ढकलून मधोमध धरा.

दुरुस्तीविषयी आधी काय करू नये ते सांगतो. सेलोटेप नको, दहा वर्षांत त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो आणि फिल्म गळून पडते. फेव्हिकॉल नको, तो पुन्हा निघत नाही. प्लॅस्टिक लॅमिनेशन तर नकोच. विसाव्या शतकाच्या मध्यात आपल्याकडच्या अभिलेखागारांत सेल्युलोज ॲसिटेटच्या फिल्मने कागद लॅमिनेट करण्याची पद्धत रूढ होती. आज ती फिल्म स्वतःच आम्लयुक्त होऊन कुरकुरते आणि सोडवणे हेच मोठे काम होऊन बसले आहे. गावातल्या बाइंडरकडे जुने पुस्तक देणेही धोक्याचे. तो कडा कापून सरळ करतो, समासातल्या टिपा त्यात जातात, मूळ कव्हर फेकले जाते, आणि खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतो. तांब्याच्या त्या क्षाराने कागद लवकर जळतो. जुन्या जुजबंदीच्या (शिवून बांधलेल्या) पुस्तकांत कण्यालगतचा भाग तपकिरी होऊन तुटलेला दिसतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

लहान फाटीसाठी एवढेच : चौरस मीटरला ५ ते १२ ग्रॅम वजनाचा जपानी टिश्यू आणि गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ. मैदा नको, त्यात चिकाचे प्रथिन असते. एक भाग स्टार्च आणि पाच भाग ऊर्ध्वपातित पाणी, मंद आचेवर सतत ढवळत अर्धा तास शिजवा, गार करून मलमलीतून दोनदा गाळा. टिश्यू कात्रीने कापू नका; ओल्या ब्रशने रेष ओढून हाताने फाडा, म्हणजे कडेचे धागे कागदात मिसळतात. लावल्यावर टीपकागद आणि वजन ठेवून वाळू द्या. ही खळ फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबूस वास आला की टाका. शाई पाण्याने सुटते का हे आधी एका टिंबावर पाहा. काजळाची शाई सहसा टिकते, निळ्या-जांभळ्या शाईने लिहिलेले हिशेब लगेच पसरतात. आम्ल काढण्याची रासायनिक प्रक्रिया, चिकटलेली पाने सोडवणे आणि कातडी कणे यांना स्वतः हात लावू नका. ती संरक्षकाची कामे आहेत.

पुस्तके भिजलीच तर अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब धरा, त्यानंतर बुरशी उगवते. ओलसर पुस्तके पंख्याखाली उभी करून अर्धवट उघडा. पूर्ण भिजलेली मिटलेल्या स्थितीतच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, मग सवडीने एकेक वाळवा. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तके आधी वाचवा, ती वाळताना विटेसारखी चिकटतात. उन्हात काहीही नको.

ग्रंथालयात कोहा ही संगणक प्रणाली असेल तर नोंदीसाठी वेगळी प्रणाली लागत नाही. पुढचे आकडे तिच्यातल्या मार्क नोंदीच्या रकान्यांचे आहेत. २४५ मध्ये शीर्षक जुन्या लेखनाप्रमाणे, अनुस्वारांसह द्या आणि २४६ मध्ये आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे. नाहीतर ‘मराठी भाषेचें व्याकरण’ शोधणाऱ्याला सापडतच नाही. पूर्वीच्या मालकाची माहिती ५६१ मध्ये, प्रतीवरच्या खुणा ५६२ मध्ये, बांधणी ५६३ मध्ये, आणि दुरुस्ती किंवा स्कॅनिंग केव्हा झाले ते ५८३ मध्ये. एका पुठ्ठ्यातल्या प्रत्येक चोपडीची स्वतंत्र नोंद हवी.

आता स्कॅनिंग. क्रम वयावरून लावू नका. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावरचा १७८० चा मोडी कागद आज ठणठणीत असतो, कारण तो चिंध्यांच्या धाग्यांचा आहे. १८७० नंतर लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळ घातलेला यंत्रकागद आला, आणि तो आतूनच आम्लाने मरतो. वर्तमानपत्रे, मासिके आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली पुस्तके सर्वांत आधी जातील. तेव्हा जे एकमेव आहे आणि तिसऱ्या अंशाच्या स्थितीत आहे ते पहिले. जे आंतरजालावर मोफत मिळते ते कधीच नाही.

वरून टिपणारा कॅमेरा आणि व्ही आकाराचा पाळणा वापरा. पुस्तक ९० ते १२० अंशांपेक्षा जास्त उघडू नका. आपोआप कागद ओढणारे यंत्र आणि पुस्तक पालथे दाबायचा सपाट स्कॅनर, दोन्ही वर्ज्य. छापील मजकुराला ४०० डीपीआय, छायाचित्रांना ६००, रंगीत, आणि स्कॅनची मूळ (मास्टर) प्रत टिफमध्ये. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे एक पान ४०० डीपीआयला सुमारे २२ एमबी होते, म्हणजे २०० पानांचे पुस्तक साडेचार जीबी. ठेकेदार ‘तीनशे पानांची पीडीएफ वीस एमबीत देतो’ म्हणाला तर तो तुम्हाला मूळ प्रत देत नाही. करारात हे घाला : काम महाविद्यालयाच्या आवारातच, बांधणी सोडणार नाही, कोरी पाने आणि पुठ्ठेही टिपणार, घडीची पाने उलगडून पूर्ण, स्कॅनच्या मूळ प्रतीवर नावाचा ठसा नाही, सर्व हक्क महाविद्यालयाचे. ताबा देताना आणि घेताना पाने मोजा. प्रत्येक दहावे पान पूर्ण आकारात पडद्यावर पाहून मगच बिल मंजूर करा; अंगठे, धूसर कडा आणि सुटलेली पाने तेव्हाच सापडतात. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, आणि फाइल बदलली की नाही हे कळण्यासाठी चेकसमची यादी वर्षातून एकदा ताडून पाहा. यांत्रिक अक्षरओळख शिळाछापावर चालत नाही. जुन्या खिळ्यांच्या मजकुरावरही जोडाक्षरांत चुका फार होतात.

आंतरजालावर ठेवण्याआधी हक्क तपासा. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतात. लेखक १९६० मध्ये वारला असेल तर २०२० अखेरपर्यंत. संपादक, अनुवादक आणि चित्रकार यांचे हक्क वेगळे मोजावे लागतात. जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची सवलत बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना आहे, पण ती सर्वांसाठी खुली करण्याची परवानगी त्यात येत नाही. महाविद्यालयाचे ग्रंथालय या व्याख्येत बसते का, हे विद्यापीठाच्या विधी सल्लागाराला लेखी विचारून घ्या. प्रवेशाची रजिस्टरे तर सरसकट खुली करूच नका. त्यात जात, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय आणि पत्ता असतो, आणि त्यातले काही लोक किंवा त्यांची मुले हयात असतात. संशोधकाला अर्ज घेऊन, खोलीतच बसून, नाव न छापण्याच्या अटीवर पाहू द्या.

वाचकासाठी नियम थोडेच ठेवा : टेबलावर एका वेळी दोनच वस्तू, फक्त पेन्सिल, पिशवी बाहेर, फ्लॅशशिवाय मोबाइलने छायाचित्र चालेल. पांढरे सुती हातमोजे कागदासाठी देऊ नका. त्यात बोटांची जाणीव जाते आणि पानाचा कोपरा फाटतो. धुऊन कोरडे केलेले हात चांगले. छायाचित्रे आणि निगेटिव्ह यांना मात्र हातमोजे लागतात, आणि पूड किंवा हरताळ असलेल्या वस्तूंना नायट्राइलचे. तिसऱ्या अंशाची वस्तू स्कॅन झाल्यावर मूळ मागणाऱ्याला कारण लेखी विचारा. कागद, बांधणी किंवा शाई यांचाच अभ्यास असेल तर मूळ द्यावे लागते. एरवी पडद्यावरची प्रत पुरते.